छाती पुढे करणारा

छातीवर उघड्या पंजाने मारलेला फटका खोटा मारता येत नाही. बाकी पुष्कळ गोष्टी खोट्या करता येतात. गुद्दा कानाजवळून नेऊन त्याच वेळी पाय आपटला की पायाखालची फळी वाजते आणि लोकांना गुद्दा लागल्यासारखा वाटतो. लाथ मारताना स्वतःच्याच मांडीवर चापट मारली तरी आवाज होतो. पण उघड्या छातीवर उघडा पंजा पडतो तेव्हा लपवायला जागा नसते. दोनचार फटक्यांत कातडी लाल होते आणि मॅच संपेपर्यंत तिच्यावर बारीक जांभळे ठिपके उठतात. मॅचचा निकाल आधी ठरलेला असतो, हे मला ठाऊक आहे. ते ठिपके ठरलेले नसतात.

ही मातीतली कुस्ती नव्हे. दोरांच्या चौकोनात, दिव्यांखाली, तिकीट लावून खेळतात ती. त्यातही मला आवडते ती जपानची, कमी बोलणारी आणि जोरात मारणारी. तिच्याबद्दलची माझी मते मी इंटरनेटवर इंग्रजीत लिहिते, नाव न लावता. तिथले लोक मला पुरुष समजतात आणि मी ते दुरुस्त केलेले नाही. गोव्यात तुयेच्या ज्या कारखान्यात मी बाटल्यांची सील तपासते, तिथे कुणाला यातले काही ठाऊक नाही. ते काम न बोलता करायचे असते, म्हणून मला जमते.

तोंडाने ही मते मी एकाच माणसाला सांगत आले, पप्पांना. तेही फार नाही.

पप्पा पूर्वी डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचे. तेव्हा आम्ही तिकडेच भाड्याने राहायचो, माझी इंग्रजी शाळाही तिकडचीच. खाणी बंद पडल्यावर आम्ही पेडण्याच्या बाजूला, आमच्या गावात परत आलो आणि पप्पा तुयेच्या याच कारखान्याची कामगारांची बस चालवू लागले. खाणीच्या रस्त्यावर ट्रकमागे ट्रक लागलेले असत. तिथे ते एक शिकले होते: समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघू नये, पुढच्या चाकाकडे बघावे. तोंड एकीकडे जातो म्हणते आणि चाक दुसरीकडे वळते. मी शाळेत असताना टीव्हीसमोर बसून त्यांनी मला तेच शिकवले. "चेरो बघू नको, पाय बघ." खरेच, मारणारा कधी मारणार ते त्याच्या मागच्या पायावरून कळते. घेणारा खरा की खोटा, तेही पायांवरूनच कळते. खोटा घेणारा फटका येण्याआधीच टाचेवर जातो.

आम्हा दोघांत बोलण्यासारखे दुसरे काही नव्हते. म्हणजे भांडण नव्हते, फक्त बोलणे नव्हते. ते घरी आले की चहा, आंघोळ आणि मग मी फोन टीव्हीला जोडून मॅच लावायची. मी ती आधी पाहिलेली असे, निकाल मला ठाऊक असे. पप्पांची एकच अट होती. "कोण जिकता ता सांगा नको." मी कधी सांगितले नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "ते खोटा खोटा मारतत आनी ह्या दोघांक खरो घाम येता."

बायकांच्या मॅच पप्पा सुरुवातीला बघत नसत. पंखा दुरुस्त करायला उठायचे, पदेराकडून पाव आणायला जायचे. मग एकदा मी काही न सांगता एक लावली. बुटकी, वयाने मोठी बाई, समोर तिच्याहून हातभर उंच पोरगी. ती पोरगी लाथा घालत होती आणि बुटकी दर लाथेनंतर एक पाऊल पुढे येत होती, मागे नाही. पप्पा पावाची पिशवी हातात घेऊन दारातच उभे राहिले. शेवटी म्हणाले, ह्या बाईचे पाय बघ, जमिनीत पुरलेत. त्यानंतर मला लपवाछपवी करावी लागली नाही. माझे मत असे की जपानी बायका पुरुषांहून जास्त जोरात मारतात, कारण त्यांना खोटे म्हणायला लोक टपलेले असतात.

आमचे मतभेदही होते. दोघांनी समोरासमोर उभे राहून कोपराचे फटके पाळीपाळीने मारायचे, एक तुझा, एक माझा, हे पप्पांना आवडायचे. मला ते शिस्तीत रांगेत उभे राहिल्यासारखे वाटते. खरी मजा पाळी मोडते तेव्हा येते, एक जण दोन मारतो आणि दुसऱ्याचा चेहरा पहिल्यांदा बदलतो. डोक्यावर डोके आपटणे मला अजिबात बघवत नाही, तिथे मी फोन पालथा घालते. मारायला छाती पुरेशी मोठी आहे, असे माझे म्हणणे. पप्पांनाही ते पटायचे, पण ते म्हणायचे की पटणे वेगळे आणि नजर हटवणे वेगळे.

आम्ही पुन्हा पुन्हा बघायचो ती मॅच एका म्हाताऱ्या पैलवानाची होती. पोट सुटलेले, खांद्याला पट्ट्या चिकटवलेल्या. समोर उंच, तरुण, लाथा मारणारा. मॅचच्या मध्यावर म्हातारा गुडघ्यांवर बसतो, दोन्ही हात पाठीमागे नेतो, एका हाताने दुसरे मनगट धरतो आणि छाती पुढे करतो. मार म्हणतो. तरुण लाथ घालतो. म्हातारा हलत नाही. पुन्हा छाती पुढे. तरुणाचे पाय मागे सरतात, मारणाऱ्याचे, घेणाऱ्याचे नव्हे. पप्पा दर वेळी तेच बोलायचे. "हो मार घेवक जाणता."

गेल्या उन्हाळ्यात पप्पांना बस धुताना छातीत दाटून आले. आधी ते कुणाला बोलले नाहीत. मला कळले ते त्यांच्या चालण्यावरून. बसच्या शेडपासून गेटपर्यंत किंचित चढ आहे, तिथे ते थांबून चप्पल नीट केल्यासारखे करायचे. चप्पल नीटच असायची. मी आईला सांगितले, आईने मामाला आणि मामाने त्यांना धरून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेले. मनगटातून नळी घालून तपासले. तरुण डॉक्टरने कागदावर हृदय काढून तीन ठिकाणी फुली मारली. गोळ्यांनी भागणार नाही, बायपास करावी लागेल आणि लांबवू नका, असे म्हणाला. तारीखही दिली. येणार की नाही ते वेळेत कळवा, बरेच लोक रांगेत आहेत, असे सांगितले.

पप्पांनी घरी येऊन पाय धुतले आणि म्हणाले, "देवाक विचारूया आदी."

याला घरात कुणी नको म्हणणे शक्य नव्हते. आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय विहीर खणत नाहीत, सोयरीक करत नाहीत. मी नोकरी धरली तेव्हाही विचारले होते. देवाच्या पाषाणावर गुरव पिटकुळीच्या लाल फुलांच्या पाकळ्या पाण्यात बुडवून चिकटवतो, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. मग गाऱ्हाणे घालून सांगायचे की अमुक असेल तर उजवी दे, तमुक असेल तर डावी, आणि थांबायचे. जी बाजू आधी पडेल तो कौल. त्यावर अपील नाही.

देवळात आम्ही मोजकेच होतो. गुरव, पप्पा, आई, मोठे काका आणि मी. त्या देवळात समईत तेल घालण्याचा मान आमच्या घराला आहे. पप्पा आंघोळ करून पंचा नेसून गाभाऱ्यात गेले, तेल घातले, वात पुढे सारली. एरवी समई गाभाऱ्याच्या कोपऱ्यात असते. त्या दिवशी तेल घालून झाल्यावर पप्पांनी ती दोन हातांनी उचलून पाषाणाच्या उजव्या अंगाला, अगदी जवळ ठेवली. गुरव पाठमोरा बसून पाकळ्या निवडत होता. आईचे डोळे मिटलेले होते. काका खांबाला टेकून घाम पुसत होते.

मी पाहिले. पण तेव्हा त्याचा अर्थ मी लावला नाही. उजेडासाठी ठेवली असेल असे मला वाटले.

मग पप्पांनी गुरवाला गाऱ्हाणे सांगितले. गोळ्यांनी बरे होणार असेल आणि सुरीची गरज नसेल तर उजवी दे. सुरीच लावायची असेल तर डावी दे. गुरवाने ते देवाला मोठ्याने सांगितले आणि काका दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत गेले.

मी देव मानते की नाही, हे मला कुणी विचारलेले नाही आणि मीही स्वतःला फार विचारलेले नाही. पण त्या पाकळ्यांवरून माझी नजर हटत नव्हती. रेफरी जमिनीवर पंजा आपटून मोजतो, एक, दोन, आणि तिसऱ्याला खाली पडलेला माणूस खांदा उचलतो, त्या मधल्या क्षणात जसा श्वास अडकतो तसा माझा अडकला होता. फरक एवढाच की इथे निकाल मला ठाऊक नव्हता. डावीकडची एक पाकळी हलली. खाली घसरली, बोटाच्या पेराएवढी, आणि पुन्हा चिकटून राहिली. आईच्या तोंडून बारीक आवाज आला. मी मनात म्हणत होते, पड. पड.

तेव्हा मी पप्पांकडे पाहिले. त्यांनी हात जोडले, मान खाली घातली. आणि त्यानंतर उजवीकडची पाकळी पडली.

त्यानंतर. आधी नाही.

देवळातून घरी येताना सगळे हलके झाले होते. काका म्हणाले, देवाने राखले. आई पदराने डोळे पुसत होती, तिला नक्की आनंद झाला होता की नाही ते मला सांगता येणार नाही, पण देव बोलला म्हटल्यावर तिचा प्रश्न मिटला होता. मी मागून चालत होते आणि तो क्षण पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होते, मॅच बघते तसा. हात जोडले जातात. मान खाली जाते. पाकळी पडते. फटका येण्याआधी मागे सरणारा माणूस मी शेकडो वेळा पाहिला होता. त्याला फटका कधी येणार ते ठाऊक असते म्हणूनच तो पकडला जातो. पाण्याने चिकटलेली पाकळी कशाने पडते? पाणी सुकले की पडते. त्या समईच्या धगीत पप्पा लहानपणापासून वावरले होते.

आईने मला एक काम सांगितले. बांबोळीला फोन करून तारीख नको म्हणून कळवायचे. "तुका इंग्लिश येता, तू सांग." तिथे सगळे कोकणी बोलतात हे तिलाही ठाऊक होते. मला अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे आधी वाक्ये पाठ करावी लागतात. या वेळी मी पाठ केली नाहीत. आई रोज विचारायची, "केलंस फोन?" मी म्हणायची, लागत नाही. काही दिवस ते चालले. पप्पा कामावर जायला लागले होते. गेटच्या चढावर त्यांची चप्पल रोज बिघडत होती. मी त्यांच्याच बसने जाते, त्यांच्या मागच्या सीटवर बसते. आरशात त्यांचे कपाळ दिसायचे, गियर बदलतानाही घामाने चकाकणारे. मला वाटायचे, आता सांगावे. मोपाच्या फाट्यापर्यंत मी वाक्य तयार करायची आणि तुये येईपर्यंत गिळून टाकायची. बापाला तू देवळात लबाडी केलीस असे कुठल्या भाषेत सांगतात, मला ठाऊक नव्हते. इंग्रजीत सोपे गेले असते. म्हणूनच ते इंग्रजीत सांगण्यासारखे नव्हते.

तारीख कळवायचा शेवटचा दिवस उद्यावर आला. त्या संध्याकाळी पप्पांनी स्वतःच मॅच लाव म्हणून सांगितले. आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मी मुद्दाम निवड केली नाही, नवीन होती ती लावली. दोन धिप्पाड तरुण, एकमेकांच्या छातीवर पंजे मारत होते. एक चांगला होता. दुसरा हात वर जाताना दिसला की खांदे आवळून मागे झुकायचा.

पप्पा तोंड वाकडे करून म्हणाले, "आदीच मागे सरता. मार येवच्या आदी मागे सरलो तो खोटो."

मी टीव्हीकडेच बघत राहिले.

"पप्पा," मी म्हटले, "पाकळी पडाच्या आदी तुमी हात जोडलास."

टीव्हीवर फटके चालूच होते. पप्पांनी रिमोट उचलला, आवाज बंद केला आणि रिमोट पुन्हा मांडीवर ठेवला. उघड्या जनेलातून शेजारच्या घरातल्या बायकांचे हसणे ऐकू येत होते.

"तू बघलंस?"

"समई पण."

"कोणी शिकयला असला बघूक तुका?"

"तुमी."

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून बसले, बस सुरू करण्याआधी बसतात तसे. मला वाटले, आता उठून जातील आणि आमच्यात एवढे एक बोलणे होते तेही संपेल. मला उठून त्यांच्या आधी आत जावेसे वाटत होते. पण माझे पाय हलले नाहीत.

"छाती उघडतत गो," ते म्हणाले. "करवतीन. आनी तेवा मी निजान आसतलंय." मग थोड्या वेळाने, "माझो ट्रक दुसऱ्याच्या हातात देवन मी कधी निजाक नाय."

मला तोपर्यंत वाटत होते की ते दुखण्याला भितात. आमचा म्हातारा पैलवान हात पाठीमागे नेऊन छाती पुढे करतो तेव्हा डोळे उघडे ठेवून करतो. पप्पांना ते जमले असते. त्यांना झोपवणार होते, तिथे त्यांची गाडी अडली होती.

मी फार विचार करून बोलले नाही. माझे एक मत होते, तेच सांगितले. मी कितीतरी वेळा लिहिलेले आहे की जोरदार मॅचमधली सगळ्यात अवघड गोष्ट फटका खाणे ही नव्हे. कंबरेला मागून मिठी मारून माणसाला उचलतात आणि डोक्यावरून मागे फेकतात, तेव्हा पडणाऱ्याला जमीन दिसत नाही. मी पप्पांना विचारले, "मागसून धरून फेकतत तेवा पडणारो खंय बघता?"

"वर. लायटींक."

"आनी त्याची मान कोणाच्या हातात?"

टीव्हीवर मॅच संपली होती आणि दोघे घामाने निथळलेले तरुण एकमेकांच्या खांद्यावर डोके टेकून उभे होते. पप्पांनी ते पाहिले, मग उठून आत गेले. आई आली तेव्हा तिने पुन्हा विचारले, केलंस फोन? मी म्हटले, उद्या.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी बसवर बदली ड्रायव्हर घातला, मला रजा काढायला लावली आणि सकाळीच देवळात नेले. आईलाही बोलावले, पण कारण सांगितले नाही. गुरवाला त्यांनी बाजूला घेऊन सगळे सांगितले. आईला ते ऐकू आले. तिने पप्पांकडे असे पाहिले की मी नजर खाली घातली. गुरव मात्र पाकळ्या निवडता निवडता म्हणाला, "त्या दिसा देवाक इतकी घाई कित्याक झाली, ता आता कळला."

या वेळी समई कोपऱ्यात राहिली. पप्पा गाभाऱ्याबाहेर उभे राहिले. गाऱ्हाण्याच्या सुरुवातीला त्यांनी देवाची माफी मागितली आणि मग सांगितले की छाती उघडून घ्यायची असेल तर उजवी दे, नसेल तर डावी.

आणि मला एकदम भीती वाटली. लबाडी होती तेव्हा मला निदान ठाऊक होते की तो कौल पप्पांचाच आहे. आता तसे काही नव्हते. डावी पडली तर? खरीखुरी, कुणी समई न सरकवता डावी पडली तर मी काय बोलणार होते? पप्पांचे पाय बघितले. टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या, बोटे पसरलेली, भार दोन्ही पायांवर सारखा. ते या वेळी काहीच जाणत नव्हते.

हवा दमट होती. पाकळ्या जिथे लावल्या तिथेच राहिल्या. आधी आम्ही उभे होतो, मग आई बसली, मग मी. उजवीकडची एक थोडी वळली, आणि मी जमिनीवर पंजा टेकवला, रेफरीसारखा, हे माझे मला नंतर कळले. ती पडली नाही. कुणी घंटा वाजवायला आले, आमच्याकडे बघून न वाजवताच परत गेले. दुपारच्या नैवेद्याची वेळ झाली तरी एकही पाकळी खाली आली नव्हती. कौल झाला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे, अशी रीत आहे. पण फोन त्याच दिवशी करायचा होता. दुसरा दिवस आमच्याकडे नव्हता.

आईने गुरवाला विचारले, आता काय समजायचे. गुरव पाषाणाकडे बघत राहिला. "देव बोलणा नाय," तो म्हणाला. "बोलणा नाय म्हणजे नको म्हणता असा नाय."

पप्पांनी मग एकदा पाषाणाकडे, एकदा कोपऱ्यातल्या समईकडे पाहिले. हात जोडले. या वेळी त्यांच्या हात जोडण्याआधी काही व्हायचे नव्हते आणि नंतरही झाले नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "बांबोळीक फोन कर. येतंय म्हणान सांग."

मी देवळाच्या पायरीवर बसून फोन केला. वाक्ये पाठ न करता केला.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांची छाती भादरली होती. केस गेल्यावर ती लहान दिसत होती, आणि गोरी, शर्टाखाली राहिलेली. आई नर्सला काहीतरी विचारायला गेली होती. ढकलगाडी आली आणि दोघे जण पप्पांना तिच्यावर आडवे व्हायला सांगत होते, तेव्हा ते क्षणभर काठावर बसून राहिले. त्यांनी हात पाठीमागे नेले. हिरव्या झग्याची नाडी सोडायला नेले असतील, नाडी मागेच असते. मी तसेच समजते आहे. पण छाती पुढे आलेली होती.

आडवे झाल्यावर ते वर दिव्यांकडे बघत म्हणाले, "आता तुका पण ठावक नाय."

"नाय," मी म्हटले.

दार बंद झाल्यावर मी बाकावर बसले. आई जप करत होती. फोनवर माझ्या त्या इंग्रजी जगात लोक कुठल्याशा मॅचवर भांडत होते, ती फार क्रूर होती की नव्हती. मी वाचायचा प्रयत्न केला. मला मत नव्हते. जितका वेळ मी तिथे बसले तितका वेळ मला कशाबद्दलच मत नव्हते. फक्त दाराखालच्या फटीतून जाणारे येणारे पाय दिसत होते, आणि मी ते बघत होते, कुणाचे पाय घाईत आहेत, कुणाचे नाहीत. मग एक जोडी सावकाश आली आणि थांबली. दार उघडायच्या आत मी उठून उभी राहिले.

आता पप्पांच्या छातीवर मधोमध उभी रेघ आहे. खोकला आला की ते दोन्ही हातांनी उशी छातीशी धरतात, तसे शिकवले आहे. बस दुसरा चालवतो. पप्पा घरी बसून त्याच्या चुका काढतात. आई त्यांच्याशी बोलते, पण समईत तेल घालायला आता काकांना पाठवते. पप्पा पुन्हा जाईन म्हणतात तेव्हा ती म्हणते, आदी हात बांधून जावा.

बऱ्याच आठवड्यांनी त्यांनी मॅच लाव म्हटले. मी एक हळूहळू लढणाऱ्यांची, पकडीपकडीची मॅच शोधून ठेवली होती. त्यांनी ओळखले आणि म्हाताऱ्याचीच लाव म्हणाले. मी लावली. पहिला पंजा छातीवर पडला तसे त्यांनी उशी जवळ ओढली. पूर्वी ते म्हणायचे, आणखी. आता म्हणाले, "हळू मार रे." मग मॅच थांबवायला सांगितली.

मला वाटले, पुरे म्हणतील.

"कोण जिकता ता आदी सांग."

ही मॅच त्यांनी कितीदा पाहिली होती याची गणती नाही. शेवट त्यांना तोंडपाठ होता. मी त्यांच्याकडे पाहिले. ते गंमत करत नव्हते. उशी दोन्ही हातांत घट्ट धरून ते माझ्या तोंडाकडे बघत होते, पायांकडे नाही.

मी सांगितले. म्हातारा हरतो, पण स्वतःच्या पायांनी चालत जातो.

"हां," ते म्हणाले. "लाव आता."